ठग, छप्पर आणि एक बिट

‘प्रोटेक्ट’ आणि ‘ठग’ हे दोन शब्द एकाच घराण्यातले आहेत. चुलत-चुलत म्हणा हवं तर, पण मूळपुरुष एकच. त्याच घराण्यात ‘डिटेक्टिव्ह’सुद्धा आहे. म्हणजे चोर, पहारेकरी आणि पोलीस असे तिघंही एकाच वाड्यात लहानाचे मोठे झालेले! पटत नसेल तर चहा घेऊन बसा, सांगतो.

शनिवार-रविवार आला की पुण्यातली निम्मी आयटी जनता सिंहगड चढते आणि उरलेली डेक्कनवर पार्किंग शोधते. मला तिसराच नाद आहे, शब्दांची कुळं शोधायचा. आठवडाभर आपण जे करतो तेच हे काम. एरर वरच्या थरात दिसते, मग स्टॅक ट्रेस धरून एकेक पायरी खाली उतरायचं, आणि तळाशी काहीतरी अगदीच निरुपद्रवी सापडतं. कुणीतरी कधीकाळी लिहिलेली साधी एक ओळ. सगळा घोळ त्याच्या वर झालेला असतो.

या वेळी शब्द घेतला ‘ठग’. इंग्रजीत दुष्ट माणसासाठी जे डझनभर शब्द आहेत, त्यातला हा एक आपण पुरवलेला. निर्यात केलेला माल म्हणा ना. हिंदी ‘ठग’वरून तो इंग्रजीत गेला, आणि मराठीतला ‘ठक’ हा त्याचा सख्खा भाऊ. ‘ठकवणे’, ‘ठकसेन’, ‘ठकास महाठक’ ही सगळी त्याचीच पिलावळ. एक पायरी खाली उतरलं की संस्कृत कोशात ‘स्थग’ भेटतो. अर्थ: धूर्त, लबाड, फसवणारा. आणखी एक पायरी खाली ‘स्थग्’ हा धातू. त्याचा अर्थ मात्र एकदम साधा आहे. झाकणे. बस्स.

‘स्थगी’ म्हणजे पानाचा डबा, कारण त्याला झाकण असतं. ‘स्थगित’ म्हणजे मुळात झाकलेलं, बंद केलेलं, आणि म्हणून थांबवलेलं. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या बांधकामाला ‘स्थगिती’ मिळालेली असते ना, ती या ठगाची मावसबहीण! (काही बांधकामांच्या बाबतीत नातं जास्तच जवळचं असावं असं वाटतं, पण असो.) आणि उन्हाळ्यात टू-व्हीलरवर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून निघालेल्या पुणेकरांना ‘स्थगित’ म्हटलं तर संस्कृतच्या हिशेबाने ते बिनचूक आहे.

अजून खाली उतरलं की भाषाशास्त्रज्ञांनी बांधलेली इंडो-युरोपीय पातळी लागते. तिथेही या मुळाचा अर्थ झाकणे असाच आहे. या मुळाच्या फांद्या जगभर पसरल्या. ग्रीकमध्ये त्यापासून छपराला शब्द झाला, आणि १८७७ साली मार्श नावाच्या शास्त्रज्ञाने एका डायनासोरच्या पाठीवरच्या तक्त्या कौलांसारख्या आडव्या बसत असतील असं समजून त्याचं नाव ‘स्टेगोसॉरस’ ठेवलं. म्हणजे छप्परवाला सरडा. लॅटिनमध्ये त्यापासून रोमन लोकांचा ‘टोगा’ झाला, कौल या अर्थाचा शब्द झाला आणि त्यातून आपल्या बाथरूममधली ‘टाइल’. पुढून झाकणं म्हणजे ‘प्रोटेक्ट’. झाकलेलं उघडं करणं म्हणजे ‘डिटेक्ट’. जर्मनिक शाखेतून जहाजाचा ‘डेक’ आला आणि गवताने शाकारलेल्या छपराचा ‘थॅच’ आला.

आता हे सगळे एका रांगेत उभे करा. छप्पर, कौल, टोगा, डेक, संरक्षण, शोध, पानाचा डबा, स्थगिती आणि ठग. तळाशी काय सापडलं? पाप नाही, दुष्टपणा नाही, काळीज चिरणारं काही नाही. झाकण! एकाने झाकलं तर त्याला रक्षण म्हणायचं, दुसऱ्याने झाकलं तर ठकवणूक. मुळात क्रिया एकच आहे. नाव कोण देतंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

हा शब्द गावंढळ ठकसेनापासून जागतिक व्हिलन कसा झाला, ती गोष्ट आता. चौदाव्या शतकातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, की जलालुद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीत हजारेक ठग पकडले गेले आणि सुलतानाने त्यांना मारण्याऐवजी नावेत बसवून बंगालकडे पाठवून दिलं. (प्रॉब्लेम सोडवायचा नाही, दुसऱ्या टीमकडे असाइन करायचा. परंपरा जुनी आहे.) पण इंग्रजीत हा शब्द खऱ्या अर्थाने गाजवला कंपनी सरकारच्या विल्यम स्लीमनने. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, फौजा मोडल्या, हजारो हत्यारबंद माणसं एका रात्रीत बेकार झाली. रस्ते धोक्याचे होतेच. वाटसरूंशी गोड बोलून, चार मजल सोबत करून, मग रुमालाने गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, हे खोटं नाही. प्रेतं सापडली, कबुलीजबाब झाले.

पण स्लीमनने त्यांची एक अखिल भारतीय, पिढीजात, देवीच्या आज्ञेने खून करणारी संघटना रंगवली. ती खरोखर तशी होती का, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. पकडलेल्यातल्या एकाला माफीचा साक्षीदार करायचं. त्याने आपला जीव वाचवण्यासाठी इतरांची नावं घ्यायची. त्या नावांवरून पुढचे पकडायचे. आणि स्लीमनने चक्क ठगांच्या वंशावळी तयार केल्या. आजोबा, मुलगा, नातू, जावई. १८३६ मध्ये त्याने ठगांच्या गुप्त बोलीचा शब्दसंग्रहही छापला. शब्दांची कुळं आणि माणसांची कुळं, दोन्ही छंद एकाच माणसात! फरक इतकाच, की त्याच्या वंशावळीत ज्याचं नाव आलं तो माणूस संपला.

त्याच १८३६ सालचा तिसावा कायदा बघा. ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप, तीही सक्तमजुरीसह. अमुक खून तू केलास का, हे सिद्ध करायची गरज नाही. टोळीत कायदा होण्याआधी होतास की नंतर, हेही महत्त्वाचं नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) ठग म्हणजे कोण, याची व्याख्याच त्या कायद्यात नव्हती. व्हेरिएबल डिक्लेअर न करता थेट वापरलेलं. कंपायलरने नाकारलं असतं. कंपनी सरकारने मंजूर केलं.

व्याख्या आली १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३१० मध्ये. दरोडा किंवा मुलं पळवणं, तेही खुनासह, यासाठी ज्याची इतरांशी नेहमीची संगत आहे तो ठग. शिक्षा कलम ३११ मध्ये. ही कलमं कधीपर्यंत होती सांगू? ३० जून २०२४ पर्यंत! १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हा ठग वगळला. म्हणजे आपल्या हातात स्मार्टफोन आला, चांद्रयान उतरलं, तरी कायद्याच्या पुस्तकात ठग शांतपणे बसून होता. लेगसी कोड म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

इंग्लंडात मात्र लोकांना ही गोष्ट भलतीच आवडली. निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलरने १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, ती तुफान चालली. हाच टेलर पुढे नळदुर्गला कारभारी म्हणून राहिला, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग. त्याच सुमारास इंग्रजीत कुठल्याही गुंडाला ‘ठग’ म्हणायला सुरुवात झाली. पुढे मार्क ट्वेनने प्रवासवर्णनात स्लीमनचे उतारे घेऊन पानंच्या पानं लिहिली, आणि १९८४ मध्ये इंडियाना जोन्सच्या सिनेमात आपल्या अमरीश पुरींनी टक्कल करून जिवंत माणसाचं काळीज काढलं. शब्द अमेरिकेत पोचला तो तिथल्या काळ्या तरुणांना चिकटला. रॅपर टुपाकने नव्वदच्या दशकात तो उलटा अंगावर घेतला, ‘ठग लाइफ’ म्हणून मिरवला. पुढे त्याचे मीम्स झाले. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन नावाचा फुटबॉलपटू एका सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर मोठ्याने बोलला, तर त्याला टीव्हीवर शेकडो वेळा ‘ठग’ म्हटलं गेलं. स्टॅनफर्डला शिकलेला माणूस. तो म्हणाला त्याचा आशय असा, की काळ्यांना जी जुनी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्याऐवजी सभ्य लोक हा शब्द वापरतात.

जबलपूरच्या जंगलातला शब्द कॅलिफोर्नियात पोचला, पण काम तेच करत होता. तू काय केलंस हे न सांगता, तू कोण आहेस हे सांगायचं.

इथे आपल्या धंद्यातला एक विनोद आठवतो. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्हन बेलोविन या नेटवर्क सिक्युरिटीतल्या दिग्गजाने एक आरएफसी प्रसिद्ध केला, नंबर ३५१४. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये एक बिट वापराविना पडून होता. त्याला ‘इव्हिल बिट’ म्हणावं असा त्याचा प्रस्ताव. ज्याला हल्ला करायचा आहे त्याने आपल्या पॅकेटमध्ये हा बिट १ करावा. सज्जनांनी ० ठेवावा. मग फायरवॉलचं काम किती सोपं! बिट बघायचा आणि १ असेल तर पॅकेट टाकून द्यायचं. एप्रिल फूलच तो. विनोद कशात आहे, तर दुष्टपणा हा पॅकेटच्या कपाळावर लिहिलेला गुण असू शकत नाही. ते पॅकेट पुढे काय करतं, यावरच कळतं.

आपण हसतो. पण १८७१ साली हिंदुस्थान सरकारने हा आरएफसी गंभीरपणे अंमलात आणला होता.

क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. विधेयकाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद साधारण असा होता: या देशात सगळं जातीने चालतं. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच, आणि त्यांची मुलंही तेच करणार. धर्मच त्यांचा! ठगांच्या वेळी निदान टोळीत असल्याचं सिद्ध करावं लागे. आता सरकारने राजपत्रात एखाद्या समूहाचं नाव छापलं की काम झालं. कायद्याची मूळ शब्दयोजना आपल्यासारख्यांना दचकवणारी आहे. ‘ट्राइब, गँग, ऑर क्लास’. क्लास! आणि बाकी सगळं इन्हेरिटन्सने. बेस क्लासमध्ये एकदा बिट १ केला की त्यातून होणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टला तो जन्मजात मिळणार. ओव्हरराइड करायची सोय नाही.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत होता. १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला, आणि मुंबई इलाखाही त्यात आला. बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. कुठे कुठे तारेच्या कुंपणात वस्ती करून राहायचं. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती, तिथली माणसं कापड गिरण्यांत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. सोलापूरकर मित्र असेल तर विचारा, ‘सेटलमेंट’ हे तिथे आजही वस्तीचं नाव आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव ऐकलं की ‘फ्री’ या शब्दापाशी क्षणभर अडखळायला होतं.

आता महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी काढून बघा. चौदा नावं आहेत. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पारधी, रामोशी, वडार... मी ती वाचत खाली गेलो आणि शेवटच्या नावाशी थांबलो.

छप्परबंद.

म्हणजे छपरं शाकारणारे! फौजांच्या तळावर झोपड्यांची छपरं बांधणारे म्हणून हे नाव पडलं, अशी त्यांची कथा सांगतात. इंग्रजांच्या दप्तरात त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का बसला. १९०८ मध्ये केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात छप्परबंद आहेत, भामटे आहेत, बेरड आहेत, रामोशी आहेत. कोण कसे कपडे घालतो, कशी बोली बोलतो, कसा ओळखावा, सगळं तपशीलवार. थोडक्यात, फायरवॉलची कॉन्फिग फाइल.

मघाचं घराणं आठवा. ‘थॅच’ आणि ‘ठग’ हे चुलत भाऊ. तिकडे शब्दांच्या झाडावर हजारो वर्षांत जे अंतर पडलं, ते इकडे सरकारी दप्तरात एका सहीने मिटलं. छप्पर घालणारा तोच ठग.

आणि ‘प्रोटेक्ट’? तोही यादीत आहे. रामोशी.

रामोशी म्हणजे गावाचे रखवालदार, गडांचे पहारेकरी. गावात चोरी झाली आणि चोर सापडला नाही, तर नुकसान भरून द्यायची जबाबदारी रामोश्यावर. आजची कुठली सिक्युरिटी एजन्सी असं काँट्रॅक्ट सही करेल? इंग्रज अमदानीत साहेब लोकांच्या बंगल्यांवरही रामोशी चौकीदार असत. तरी १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश, ज्यात ‘ठग’ही आहे, तो रामोश्यांबद्दल काय म्हणतो? मूळची चोरटी जात, म्हणून रखवालीला ठेवली! नावाच्या व्युत्पत्तीचीही तीच तऱ्हा. समाज सांगतो ‘रामवंशी’वरून रामोशी. साहेबांच्या पुस्तकात ‘रानवासी’वरून. एकाच शब्दाचे दोन बाप, आणि तुम्ही कुणाचं ऐकता त्यावर तो देवकुळातला की जंगली, हे ठरणार.

उमाजी नाईक याच समाजातले, पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे. पुरंदरच्या राखणीचे वडिलोपार्जित हक्क गेले, आणि राखण करणाऱ्या घरातला माणूस बंडाला उभा राहिला. कंपनीच्या कागदांत तो दरोडेखोर. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिलं, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत. आपण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी जिथे रांगा लावल्या, तिथे. आज त्यांना आद्यक्रांतिवीर म्हणतात, त्यांची जयंती साजरी होते. माणूस तोच, पुरंदर तोच. फक्त नाव देणारे बदलले.

इथवर सगळा दोष इंग्रजांच्या नावावर टाकून मोकळं होता येईल. आपल्याला ते जमतंही छान. पण यादीतली ती नावं मोठ्याने वाचून बघा. ‘भामटा’. हा शब्द आपण शेवटचा कधी ऐकला? बहुधा आज सकाळीच. ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले.’ ‘ऑनलाइन भामट्यांचा आयटी इंजिनिअरला गंडा.’ ‘बेरड’ म्हणजे मराठीत काय? कोडगा, निलाजरा. ‘उचल्या’ म्हणजे? हातचलाखी करणारा. भामटा, बेरड, उचल्या ही जिवंत माणसांच्या समाजांची नावं आहेत. शाळेच्या दाखल्यावर, जातीच्या प्रमाणपत्रावर छापलेली. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं, त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. टुपाकच्या आधी आपल्याकडे कुणीतरी शिक्का उलटा अंगावर घेतला होता, तोही लातूर भागातल्या एका लेखकाने.

शब्द आधी की जात आधी, हा कोंबडी-अंड्याचा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोडू. पण कल्पना करा. नववीतली मुलगी आहे, वर्गात पेपर वाचन चाललंय आणि मथळ्यात तिची जात चोर या अर्थी छापलेली आहे. गुरुजी पुढचा मथळा वाचतात. कुणाच्या काही लक्षातही येत नाही. तिच्या येतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा काढला, देशभरात तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. देश १५ ऑगस्टला सुटला, हे लोक पाच वर्षं सोळा दिवस उशिरा सुटले. पण सोर्समधून ओळ काढली म्हणून कॅशे रिकामा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुना कायदा गेला आणि त्या जागी ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींच्या माणसांकडे जन्मजात सराईत म्हणून बघणारी कलमं राहिली. ती घटनाबाह्य आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. ठग कायद्यातून गेला त्याच वर्षी. पुस्तकातला कॅशे साफ व्हायला बहात्तर वर्षं लागली. डोक्यातला कधी होणार?

कारण डोक्यातला चालू आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरतो. धूसर फोटो, दोन बायका आणि कडेवर एक मूल, खाली लिहिलेलं: ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे, कृपया सर्व ग्रुपवर पाठवा.’ टोळी म्हणजे काय, तर बायांनी नेसलेली नऊवारी, खांद्यावरची झोळी आणि आपल्याला न कळणारी बोली. केनेडीसाहेबांच्या पुस्तकातलेच निकष, फक्त ४जी वेगाने. गेल्या वेळी त्यातल्या एकीला गेटवरच्या वॉचमनने ओळखलं. ती शेजारच्या साइटवर खडी उचलायला येते. तिचं मूल तिचंच होतं. ‘ओके’ म्हणून एकाने अंगठा टाकला आणि विषय पाणीकपातीवर गेला.

विषय दर वेळी पाणीकपातीवर जात नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाइलवर हीच अफवा फिरत होती, मुलं पळवणाऱ्या टोळीची. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. कलम ३१० ची व्याख्या आठवते? मुलं पळवण्यासाठी संगत. १८६० मध्ये लिहिलेलं ते भय २०१८ मध्ये जसंच्या तसं धावलं, कुणालाही कलम माहीत नसताना.

शब्दांची कुळं शोधण्यात गंमत आहे, आणि ती गंमत निर्धोक आहे, कारण शब्दाला त्याचा आजा कोण होता याचं काही सोयरसुतक नसतं. ‘स्थगिती’ला ठगाची नातेवाईक म्हटलं म्हणून कोर्ट रागावत नाही. टाइल लाजत नाही. शब्द आपल्या मुळापासून कुठल्या कुठे जातात आणि कुणी त्यांना मागे ओढत नाही. ‘डेव्हिल’ हा शब्द घ्या. सैतानासाठी वापरतात तो. तोही एकदा खाली उतरत जाऊन पाहिला. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ निघाला: बदनामी करणारा. दुसऱ्याच्या नावाला काळं फासणारा. साऱ्या दुष्टांचा जो राजा, त्याचं मूळ काम म्हणजे खून नाही, दरोडा नाही, तर शिक्के मारणं!

हे वाचून मी काही समाजसुधारक झालेलो नाही. सोमवारी रिलीज आहे. पण एवढं तर कुणालाही करता येईल. पुढच्या वेळी मोबाइल चोरीला गेला, ओटीपी विचारून कुणी खातं साफ केलं, की संताप येणारच, यावाच. शिव्या द्या, तक्रार नोंदवा. फक्त त्याला भामटा म्हणू नका. ‘चोर’ हा चांगला, छोटा, स्वच्छ शब्द आहे. त्याने काय केलं ते नेमकं सांगतो, आणि एवढ्या मोठ्या यादीत कुणाचीही जात ‘चोर’ नाही.